भुरी कागदावर आली, गोठ्यातून चालली

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी कधीकाळी दावणीला म्हैस होती, त्यांनी तरी वेळ काढून वाचा. विषय जनावराचा आहे म्हणून पुढे सरकू नका. आपल्या जिल्ह्याचाच आहे.

परवा एका मित्राने सहज विचारलं, "खिल्लार माणदेशाची, देवणी लातूरकडची, लाल कंधारी नांदेडची, गवळाऊ वर्ध्याची, पंढरपुरी म्हैस सोलापूरची. मग आपल्या बुलडाण्याचं म्हणून काय आहे?"

मी म्हटलं, दोन आहेत. एक होतं, ते गेलं. दुसरं आहे, ते चाललंय.

आधी गेलेल्याबद्दल.

इंग्रजांच्या काळातल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरांत गुराढोरांचं वर्णन असतं. त्यात वऱ्हाडी बैलांच्या दोन जातींची नावं येतात, उमरडा आणि खामगावी. होय, आपलं खामगाव. आज देशातल्या नोंदणीकृत गोवंशाच्या यादीत खामगावी हे नाव शोधून सापडणार नाही. जुन्या पुस्तकांत काही ओळी उरल्या आहेत, बस.

खामगावचंच नाव बैलाला का चिकटलं? उत्तर कापूस. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि बंड्यांमधून जायचा. बंजाऱ्यांचे तांडे तो थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत, दुसरा रस्ता खानदेशातून मुंबईकडे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले. १८६७ पर्यंत मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला आणि त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. एका बाजारगावासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या बाजाराचा वकूब समजून घ्या.

रेल्वे आली म्हणून बैल लगेच संपला नाही. वावरातून गावात, गावातून जिनात, जिनातून स्टेशनावर माल बैलच नेत होता. काळ्या मातीत वखर ओढायलाही तोच होता. जनावराची जात अशीच घडते. कोणी शास्त्रज्ञ ती बनवत नाही. शेकडो शेतकरी पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट पाहतात: कोणता गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा आणि कोणता खच्ची करायचा. ती निवड एका मुलखात, एका कामासाठी, सारखी होत राहिली की जात तयार होते.

आणि मोडते कशी? तीच निवड थांबली की. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला म्हातारी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणायची, त्यात वऱ्हाडातली गुरं मोठ्या संख्येनं चाऱ्यावाचून मेली. त्यातून उरलेल्यांवर पुढे ट्रक आला, एस्टी आली, शेवटी ट्रॅक्टर आला. बैलाचं काम गेलं तसं वळू निवडण्याचं कारणही गेलं. गावात सोडलेला पोळ दिसेनासा झाला. खामगावी बैल कोणी ठरवून संपवला नाही. त्याची गरज संपली आणि ज्या दिवशी शेवटचा निवडक वळू गेला, त्या दिवसाची नोंदही कोणी ठेवली नाही.

आता काही हौशी मित्र म्हणतात, "निवड पद्धतीने पैदास करून खामगावी परत आणता येईल की!" थांबा. हा प्रयोग जगात झालेला आहे.

युरोपातला रानबैल, ज्याला ऑरोक्स म्हणतात, त्याची शेवटची मादी १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेली. तीनशे वर्षांनी, १९२०-३० च्या दशकांत, जर्मनीत हेक नावाच्या दोन भावांनी तो परत आणायचा चंग बांधला. वेगवेगळ्या गावठी जातींत त्या रानबैलाचे गुण शोधले, त्यांचे संकर केले, हवी ती वासरं निवडली. दिसायला बरंचसं जुळणारं जनावर तयार झालं. आज त्याला काय म्हणतात? हेक गुरं. ऑरोक्स नाही. दक्षिण आफ्रिकेत क्वागा नावाचा अर्धाच पट्टेदार झेब्रा होता. शेवटचा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९८७ पासून तिथे साध्या झेब्र्यांतून कमी पट्ट्यांचे निवडून क्वागासारखा प्राणी घडवणं चालू आहे. पट्टे कमी झालेत. पण तोही दिसण्यापुरताच क्वागा.

धडा सरळ आहे. निवड पद्धतीने असलेले गुण एकत्र आणता येतात, पक्के करता येतात, वाढवता येतात. नसलेलं रक्त आणता येत नाही. खामगावीचं तर मोजमापही आपल्याकडे नाही. उद्या कोणी पांढरा धिप्पाड बैल उभा करून "हा अस्सल खामगावी" म्हणून पाच लाखांना विकायला लागला, तर ती फसवणूक समजा.

म्हणून गेलेल्याचं दुःख बाजूला ठेवून मी चाललेल्याबद्दल लिहितोय. तिथे अजून रक्त शिल्लक आहे.

तिचं सरकारी नाव पूर्णाथडी. थडी म्हणजे नदीचा काठ. घरोघरी तिला भुरी म्हणतात. रंग पांढुरका ते फिक्का तपकिरी, चण मध्यम, शिंगं मागे जाऊन टोकाशी आकड्यासारखी वळलेली. मुलूख बुलडाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतला पूर्णाकाठ.

इथे एक खुलासा. आपल्या जिल्ह्याला दोन पूर्णा आहेत. घाटावरची, जिला आपण खडकपूर्णा म्हणतो, ती देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडून वाहते आणि गोदावरीला मिळते. घाटाखालची पूर्णा सातपुड्यातून निघते, अमरावती-अकोल्यावरून आपल्याकडे येते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. भुरी घाटाखालच्या पूर्णेची. म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा, मलकापूर हा पट्टा. यातल्या बऱ्याच भागात खारपाण आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. हिरवा चारा पावसाळ्यापुरता, नंतर कडबा, कुटार आणि सरकी-ढेप. अशा मुलखात जी म्हैस टिकली, गाभण राहिली आणि व्याली, तिच्याच पोटची वगार लोकांनी ठेवली. भुरीची निवड पूर्णाकाठाने आणि तिथल्या गवळ्यांनी मिळून केलेली आहे.

गंमत अशी की कित्येक वर्षं तिला स्वतःचं नावच नव्हतं. पुस्तकांत विदर्भातली म्हैस म्हटली की नागपुरी. तिचीच दुसरी नावं एलिचपुरी, वऱ्हाडी, गवळणी अशी दिलेली. काळी, लांब तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी आणि आपली भुरी एकाच पोत्यात. अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी हे पोतं उघडलं. गावोगाव जाऊन मापं घेतली, वर्णन तयार केलं. जानेवारी २०२३ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने नव्या १० जाती नोंदवल्या, त्यात म्हशीची एकच होती: पूर्णाथडी. त्याच यादीत गडचिरोली-चंद्रपूर भागातली कठाणी गायही होती. त्यामुळे देशातल्या नोंदणीकृत पाळीव जातींची संख्या २१२ झाली.

त्या बातमीवर आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि मग घरी गोठ्यात गेलो.

आमच्या गोठ्याची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं.

आमच्या आजीजवळ भुरी होती. आजी म्हणायची, "भुरीचं दूध पातेल्याले चिकटते, असंतसं नाही." दूध फार नव्हतं, पण लोणी भरपूर. १९९६-९७ च्या सुमारास वडिलांनी तिला पहिल्यांदा कृत्रिम रेतन केलं. रेत मुऱ्हाचं. मुऱ्हा हरियाणाची, दुधाला दांडगी. वगार झाली, काळीभोर. घरात आनंद. ती मोठी झाली, तिलाही मुऱ्हाच. तिच्या वगारीलाही मुऱ्हाच.

आता हिशेब करा. पहिल्या पिढीत भुरीचं रक्त अर्धं. दुसरीत पाव. तिसरीत साडेबारा टक्के. म्हैस पहिल्यांदा वितपर्यंत साधारण चार वर्षांची होते. म्हणजे बारा-पंधरा वर्षांत, एकही भुरी न मारता, आमच्या गोठ्यातून भुरी गेली. कोणी विकली नाही, कोणी कापली नाही. दर वेळी फक्त एक नळकांडी वापरली. आज आमच्या दावणीला म्हैस आहे, ती ना धड मुऱ्हा, ना भुरी.

वडिलांचं चुकलं का? मला तसं म्हणवत नाही. १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली, तेव्हापासून देशाला लिटर हवे होते. जो दवाखान्यात जाईल त्याला जे रेत उपलब्ध ते मिळायचं. भुरीचं रेत मागायचं म्हटलं तरी तेव्हा कागदावर भुरी नावाची जातच नव्हती. आणि ज्याच्या घरी मुलीचं लग्न दुधाच्या पैशावर आहे, त्याला "वारसा जपा" म्हणून उपदेश करणारे आपण कोण?

पण याची दुसरी बाजूही बघा. मुऱ्हा तिच्या मुलखात उत्तमच आहे. तिथे कालव्याचं गोड पाणी आणि बारमाही हिरवा चारा आहे. आपल्या खारपाणात तिला तेवढं पोसायचं तर ढेपेचं बिल वाढतं, उन्हाळ्यात ती धापा टाकते, माज लपवते, वेळेवर गाभण राहत नाही. दोन वितांतलं अंतर वाढलं की लिटरचा फायदा भाकड काळात जातो. हा हिशेब आम्ही कधी वहीत मांडलाच नाही. सकाळचं माप मोठं दिसलं की खूश.

मग भुरी परत येईल का? येईल, आणि तशी उदाहरणं आपल्याच देशात आहेत.

पहिलं म्हैसूरचं. तिथल्या राजांनी अमृतमहाल बैलांचे सरकारी कळप उभे केले होते. हैदर आणि टिपूच्या तोफा याच बैलांनी ओढल्या. इंग्रज अंमलात १८६० मध्ये खर्च वाचवायचा म्हणून कळप मोडून विकून टाकले. काही वर्षांतच लक्षात आलं की असे बैल आता मिळत नाहीत. १८६६ मध्ये पुन्हा कळप उभे करावे लागले. ते जमलं, कारण मधे सहाच वर्षं गेली होती आणि जनावरं अजून लोकांकडे होती. साठ वर्षं गेली असती तर पैसा असूनही जमलं नसतं.

दुसरं केरळचं. कोट्टायमकडची वेचूर ही बुटकी गाय. १९६१ मध्ये केरळात पशुधन सुधारणेचा कायदा आला, परवान्याशिवाय वळू पाळायला बंदी झाली आणि गावठी वळू खच्ची केले गेले. गायी उरल्या, वळू गेले. ही जात संपलीच असं मानलं जात होतं. १९८९ मध्ये कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापक सोसम्मा आयप आणि त्यांचे विद्यार्थी गावोगाव फिरले, एकेक जनावर शोधून आणलं आणि त्यांची आपसात पैदास सुरू केली. टीका झाली, चौकशांना तोंड द्यावं लागलं. पण वेचूर आज जिवंत आहे आणि २०२२ मध्ये सोसम्माबाईंना पद्मश्री मिळाली.

आपल्या विदर्भातही वर्धा जिल्ह्यात कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी पैदास केंद्र आहे. गवळाऊला हेटीकुंडी आहे. भुरीला काय आहे?

काम कसं करायचं याचं शास्त्र अवघड नाही, चिकाटीचं आहे.

पहिली गोष्ट, नोंद. कोणत्या गावात, कोणाकडे, वर्णनाला जुळणारी किती जनावरं आहेत. कानात बिल्ला. मग महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचं दूध मोजायचं, फॅट तपासायची, वेत संपेपर्यंत. दहा मोजण्यांत एका म्हशीचा पूर्ण हिशेब हाती येतो.

दुसरी, हेला. इथेच सगळं अडलंय. हेला दूध देत नाही, म्हणून त्याची लायकी त्याच्या आईवरून आणि बहिणींवरून ठरवावी लागते. चांगल्या नोंदीच्या म्हशीचा हेला राखायचा, बाकीचे नाही. पण आज हेल्याला कोणी दोन वर्षं फुकट चारा घालत नाही. रेडकू दोन-चार महिन्यांचं झालं की बाजार. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या वर्गवारीत पैदाशीच्या माद्या १०० च्या आत किंवा नर ५ च्या आत आले की ती जात अतिसंकटात धरतात. माद्या १००० च्या आत किंवा नर २० च्या आत असतील तर संकटात. नीट वाचा: माद्या हजारो असल्या तरी नर वीस नसतील तर जात धोक्यात. गावात किती भुऱ्या आहेत हे आपण विचारतो. भुरीचे हेले किती, हे विचारत नाही.

तिसरी, फिरवाफिरव. एकच हेला एका गावात पाच-सहा वर्षं राहिला तर तो आपल्याच लेकींवर जातो आणि पुढची पिढी दुबळी होते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी हेले गावागावांत बदलायचे. आणि निवडक हेल्यांचं रेत उणे १९६ अंशांत, द्रव नायट्रोजनमध्ये साठवायचं. हेला मेला तरी रेत पुढची कित्येक वर्षं राहतं. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला गोठित रेताच्या सरकारी प्रयोगशाळा आहेतच.

आणि आमच्यासारख्या मिसळलेल्या गोठ्यांचं? तोच हिशेब उलटा चालतो. संकरित म्हशीला पिढ्यान् पिढ्या शुद्ध भुरी हेला दिला तर निम्मं, पाऊण, साडेसत्त्याऐंशी, आणि चौथ्या पिढीत जवळजवळ ९४ टक्के. चार पिढ्या म्हणजे सोळा ते वीस वर्षं. पण या सगळ्याला मुळात शुद्ध हेला लागतो. तो गेला की हिशेब संपला, मग आपणही हेक बंधूंसारखे दिसण्यापुरत्या भुऱ्या बनवत बसू.

म्हणून मागण्या मोठ्या नाहीत. एक, घाटाखालच्या तालुक्यांत भुरीची घरोघर मोजणी, नर वेगळे मोजून. दोन, नोंद झालेल्या म्हशीचा निवडक हेला राखणाऱ्या शेतकऱ्याला चाऱ्याचे पैसे, हेला पैदाशीला लागेपर्यंत. तीन, या पट्ट्यातल्या दवाखान्यांत पूर्णाथडीचं रेत ठेवा आणि शेतकऱ्याला आधी विचारा कोणतं हवं. सक्ती नको, निवड द्या. ज्याला मुऱ्हा हवी त्याने मुऱ्हा घ्यावी. चार, भुरीच्या दुधाला फॅटप्रमाणे चोख भाव. २०१४ पासून राष्ट्रीय गोकुळ मिशन देशी गोवंशासाठी आहे आणि त्यात म्हशीही बसतात. योजना आहे, जातीची नोंदणी आहे, विद्यापीठ आहे, म्हशी आहेत. यांना एकत्र बसवणारं कोणी नाही. आपले लोकप्रतिनिधी ही पोस्ट वाचत असतील तर जिल्हा नियोजनच्या बैठकीत एवढा एक प्रश्न विचारा: पूर्णाथडीचे पैदाशीचे हेले जिल्ह्यात किती?

शेवटचं. आमच्या गल्लीत एका घरी भुरी व्याली आहे. आई अस्सल दिसते, पांढुरकी, आकडेदार शिंगांची. पोटी हेला झाला. घरमालकाने सरळ सांगितलं, "भाऊ, वगार असती तं ठेवली असती. याले कोन पोसन?" पुढच्या बाजाराला तो जाणार होता. मी आणि दोघा मित्रांनी मिळून त्याच्या कडबा-ढेपेचे पैसे सहा महिने द्यायचं कबूल केलंय. आम्ही काही मोठे दानशूर नाही, सहा महिन्यांनंतर काय हे आम्हालाही माहीत नाही. त्याच्या आईचं दूध मात्र महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहितोय.

तुमच्या गावात भुरी असेल तर गावाचं नाव खाली लिहा. आणि तिला हेला झाला असेल तर बाजाराच्या दिवसाआधी सांगा.